हंगामभराची चिठ्ठी

निवृत्त नर्सला दिवाळी अंकात लिहायला सांगितलं की लोकांना सर्पदंश हवा असतो, नाहीतर अडलेली बाळंतीण. दोन्ही गोष्टी माझ्याकडे भरपूर आहेत आणि नातेवाइकांच्या प्रत्येक लग्नात त्या मी सांगून झाल्यात. त्या सांगताना मी नेहमी जिंकते. आज मात्र जिथं हरले ती गोष्ट लिहिणार आहे. विषय जरा अवघड आहे. बायका तो कुजबुजत बोलतात आणि पुरुष अजिबात बोलत नाहीत. बाईच्या स्तनाला मार लागून आत रक्त साकळतं, त्या गाठीबद्दलची ही गोष्ट आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी एकवीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी ड्रेसिंग रूममध्ये गेली. आमच्याकडे येणारी बाई 'स्तन' हा शब्द कधी उच्चारत नाही. 'अंगावर लागलंय' म्हणते, 'पाजायच्या जागी दुखतंय' म्हणते, किंवा नुसताच पदर घट्ट धरून उभी राहते. अशी उभी राहिलेली बाई दिसली की मी आधी बाकीच्यांना बाहेर काढायची आणि मग विचारायची. एवढं केलं की अर्धं काम होतं.

आता हा आजार म्हणजे काय, ते सांगते. स्तनात हाड नसतं. चरबी असते, दुधाच्या ग्रंथी असतात आणि बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. जोराचा मुका मार लागला की त्यातली एखादी फुटते. वर जखम नसल्यामुळे रक्ताला बाहेर पडायला वाट नसते, ते आतच साठतं. पहिल्या दिवशी मऊ लागतं, आठवड्याभरात टणक होतं. कातडी आधी काळीनिळी, मग हिरवट, मग पिवळट होत जाते. लहान गाठ असेल तर शरीर आपोआप शोषून घेतं. कधी तीन आठवडे लागतात, कधी तीन महिने. पहिले दोन दिवस थंड शेक, वरून नीट आधार देणारा पट्टा, दुखण्यावर साधी गोळी आणि वजन उचलणं बंद, एवढाच उपचार. गाठ फार मोठी असली किंवा आत पू धरला, तर मात्र सर्जनने छोटी चीर देऊन साकळलेलं रक्त काढावं लागतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येकीला बजावून सांगावी लागते. गाठ विरेपर्यंत पुन्हा पुन्हा दाखवायची. कारण कधी कधी गाठ आधीपासूनच असते आणि मार लागल्याच्या निमित्ताने पहिल्यांदा हाताला लागते. मग बाई म्हणत राहते, मार लागला होता, जाईल हळूहळू. ती जात नाही. अशा दोघी माझ्या आठवणीत आहेत. त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही.

सोपं दिसतं सगळं. पण थंड शेक म्हटलं तर आमच्याकडे बर्फ कुठला? मी लशीच्या फ्रीजमधल्या थंड पिशव्या गुपचूप द्यायची आणि त्याबद्दल दोनदा मेमो खाल्ला. नंतर बस स्टँडवरच्या रसवंतीवाल्याशी संधान बांधलं. पट्ट्याचीही तीच गत. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी मी घरून आणायची, त्याचे रुंद पट्टे फाडून ठेवायची. माझी आई म्हणायची, सरकारनं तुला पगार दिलाय का माझं कपाट रिकामं करायला ठेवलंय?

आणि लोक नेमकं उलटं करून आलेले असतात. मुरगळलं, ठेचलं की विटकरीचा शेक आणि त्यावर बिब्बा, हे आमच्या भागात जन्मताच शिकवतात. ताज्या माराला गरम शेक दिला की रक्त आणखी साठतं. बिब्ब्याने तर कातडी भाजून फोड येतात. पायाच्या घोट्यावरचा बिब्ब्याचा डाग मिरवता येतो. इथला कुणाला दाखवणार?

पुरुषांनाही हा आजार होतो, हे लिहिलं नाही तर वडवणीकडचे आमचे एक पुढारी माझ्यावर रागावतील. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू, आणि तरी हे मिरवणुकीत मोटारसायकलवर. हँडल छातीत बसलं. दोन दिवसांत काखेपासून बेंबीपर्यंत माणूस जांभळा झाला. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि उठूनच बसले. "सिस्टर, हे स्तन काय लिवलंय? उद्या गावात काय त्वांड दाखवू? छाती लिहा, छाती." मी म्हटलं, पुरुषाच्या त्या जागेलाही पुस्तकात तोच शब्द आहे. "पुस्तक लिवणाऱ्याला निवडणूक लढवायची न्हाई!" शेवटी डॉक्टरांनी 'छाती' लिहिलं, गोळ्यांचा हिशेब बसवला, आणि साहेब महिन्याभरात बरे झाले. पुढे एका सभेत ते म्हणाले म्हणे, की जनतेसाठी मी छातीवर घाव झेललेत.

या पुढाऱ्यांना मी सांगितलं होतं की दोन महिने मोटारसायकलवर बसायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते एक महिना. ही माझी चूक नव्हती, पद्धत होती. मी नवी असताना मला एका वयस्क सिस्टरनी ती शिकवली. त्या म्हणायच्या, "डॉक्टरनं आठ दिवस सांगितले की आपण पंधरा सांगायचे. माणसं निम्मं ऐकतात. मग बरोबर आठ भरतात." मी पडताळून पाहिलं आणि ते खरं निघालं. चकलांब्याच्या एका म्हातारीला मी खरं तेवढं, म्हणजे दहा दिवस ड्रेसिंगला ये म्हटलं होतं. ती चौथ्या दिवसापासून आलीच नाही आणि जखम चिघळवून महिन्याने आली. त्यानंतर मी कुणालाही खरा आकडा सांगितला नाही. आमच्या ड्रेसिंग रूमच्या सगळ्या पोरींना मी हेच शिकवलं. बाजारात भाव दुप्पट सांगतात, तशी आमची विश्रांती दुप्पट असायची आणि दोन्हीकडचे लोक घासाघीस करून मधे यायचे. याचा मला अभिमान होता, हेही कबूल करते.

रेखा आली ती घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी. शिरूर कासारकडच्या एका वस्तीवरची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, दोन लेकरांची आई. नवऱ्याने मोटारसायकलवर आणलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती, पदर दोन्ही हातांनी धरलेला, आणि अंगात एवढा ताप की जवळ गेल्यावर कळत होता. नवरा, अंकुश नावाचा, केसपेपर हातात घेऊन तिच्यापुढे उभा होता आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देत होता. मी त्याला बाहेर घालवलं.

"आता खरं सांग," मी म्हणाले. "कुणी मारलं?"

"कुणी न्हाई वो बाई. हापशाचा दांडा लागला."

एवढ्या वर्षांत मी उंबरा ऐकला होता, म्हैस ऐकली होती, कडब्याची गंजी ऐकली होती. हापसा पहिल्यांदाच ऐकत होते. "घाबरू नको, तो बाहेर गेलाय," मी म्हणाले.

"आई शप्पत. दसऱ्याचं धुणं काढलंतं. गोधड्या, वाकळा, सगळंच. सकाळपून हापसत व्हते. हात वल्ले झालते, दांडा सटकला आन् खालून उसळून हितं बसला. डोळ्यापुढं अंधारीच आली." मग तिला माझ्या तोंडावरचा अविश्वास दिसला असावा. "त्यो तसला न्हाई, बाई. मला हात न्हाई लावलेला त्यानं कधी."

मी वहीत 'हापसा' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग पदर बाजूला केला. डावा स्तन उजव्याच्या दुप्पट झाला होता, आत मोसंबीएवढी गाठ, आणि वरची कातडी फोडांनी सोलवटलेली. सासूने त्याच संध्याकाळी विटकर तापवून शेकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी बिब्बा लावला होता. म्हातारीने मायेनेच केलं, यात शंका नाही. रेखा चार दिवस ते सोसत घरातलं सगळं करत होती, घट बसवायचे होते म्हणून.

आठवड्यातून एकदा येणारे आमचे सर्जन नेमके त्या दिवशी होते. बीडला सोनोग्राफी करून आणली. आत रक्त साकळून घट्ट झालेलं आणि पू धरायला लागलेला. सुईने निघण्यासारखं राहिलं नव्हतं. सर्जन मुक्कामाला थांबले आणि दुसऱ्या दिवशी भूल देऊन चीर दिली, काळपट गोळे काढले, आतल्या भागाचा तुकडा तपासायला पाठवला आणि पुढचा निचरा व्हावा म्हणून एक नळी ठेवली. तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. ते मी रेखाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे मी मरत न्हाई नं? मग झालं." आणि झोपली.

पाच दिवसांनी नळी काढून घरी सोडलं. मग एक दिवसाआड ड्रेसिंग. अंकुश प्रत्येक वेळी तिला घेऊन यायचा, अठरा किलोमीटर, खड्ड्यांतून मोटारसायकल बैलगाडीच्या चालीने चालवत. ती आत असताना तो बाहेर पेरू घेऊन उभा. एकदा लसीकरणाच्या गाडीतून त्यांच्या वस्तीवरून गेले तर हापशाच्या दांड्याला कुणीतरी काथ्या गुंडाळला होता, हातातून सटकू नये म्हणून. गाडी थांबवून विचारलं तेव्हा कळलं की तो अंकुशने गुंडाळला होता. त्या दिवशी मी वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं. माणूस चांगला आहे असं मी स्वतः ठरवलं. हे लिहिणं भाग आहे.

एकदोनदा रेखाबरोबर तिची धाकटी बहीण पूजा आली. लेकरं सांभाळायला रेखाच्या माहेराहून आली होती. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. लेकराला कडेवर घेऊन व्हरांड्यात बसायची आणि ड्रेसिंग संपलं की मला गाठायची. "बाई, नर्सिंगला काय लागतंय? सायन्सच पायजे का?" मी सांगितलं, मार्कलिस्ट घेऊन ये, पुढच्या वर्षीचा फॉर्म मी भरून घेते. आमच्या वस्तीतून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी मी होते, तेव्हा माझ्यासाठीही असाच कुणीतरी फॉर्म आणला होता. दुसऱ्या खेपेला ती मार्कलिस्टची झेरॉक्स घेऊन आली. बासष्ट टक्के होते.

दसऱ्यानंतर सहा दिवसांनी शेवटचं ड्रेसिंग झालं. जखम कोरडी झाली होती, आत थोडी टणक जागा राहिली होती. सर्जन म्हणाले, आणखी सहा आठवडे वजन उचलू देऊ नका, मग सोनोग्राफी करून बघू, बरं असेल तर सगळी कामं चालतील. एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले. घरच्यांना समजावणं हे नेहमीप्रमाणे माझं काम.

इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. आमच्याकडून ऊसतोडीला माणूस एकटा जात नाही, जोडी जाते. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'कोयता' म्हणतात. नवरा तोडतो. बायको उसाची वाळकी पानं, म्हणजे पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून चालत ट्रकमध्ये चढवते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता टोळी बांधणारा मुकादम बहुतेक घेत नाही. टोळ्या पंधरा दिवसांत निघणार होत्या.

मी अंकुशला बाजूला घेतलं. "हे बघ, हा हंगाम रेखा उसाला जाणार नाही. अख्खा हंगाम. एक मोळी जरी डोक्यावर चढली आणि आत पुन्हा फुटलं, तर माझ्याकडे आणू नको."

सहा आठवड्यांचे मी सहा महिने केले. दुप्पटही नव्हे, चौपट. माझ्या मनात हिशेब असा होता की हे लोक ऐकणार नाहीतच. टोळीबरोबर नेतील. पण हंगामभर म्हटलंय म्हणून निदान पहिला महिना-दीड महिना तिला कोपीत, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाकाला बसवतील, आणि तेवढंच मला हवं होतं.

 अंकुश म्हणाला, "मुकादम आयकत न्हाई, बाई. लिवून द्या."

मी लिहून दिलं. 'सदर रुग्णाने या संपूर्ण हंगामात ऊसतोडणीचे काम करू नये.' खाली सही, आणि वर दवाखान्याचा शिक्का उठवला. शिक्का पुसट आला म्हणून दुसऱ्यांदा दाबून उठवला.

रेखा दीड महिन्याने अगदी ठरल्या दिवशी आली. एकटी, एसटीने, धाकटं लेकरू कडेवर. मला एवढा आनंद झाला की मी सगळ्या पोरींना बोलावून दाखवलं, बघा, याला पेशंट म्हणतात. सोनोग्राफीत गाठ जवळजवळ नाहीशी झाली होती. व्रण गुलाबी पडला होता. दोन्ही बाजू बऱ्याचशा सारख्या दिसत होत्या.

"मालक कुठंय? आज सोडलं कसं एकटीला?"

"तोडीला गेलेत की. म्हैना होत आला."

"एकटे कसे घेतले मुकादमाने?"

"पूजा गेलीय संगं." लेकराच्या तोंडात शेंगदाणा देत ती बोलत होती. "आईनं आन् सासूनं मिळून ठरिवलं. कोयता मोडला तर वरीसभर खायाचं काय? तुमीच लिवून दिलतं नं, बाई, हंगामभर न्हाई म्हून."

माझ्या हातात तिच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. मी म्हटलं, अगं, तू बरी झालीस, आता तू जा आणि पूजाला परत पाठव. ती म्हणाली, "जाऊ म्हंता? चिठ्ठीवर तर हंगामभर हाय."

"ते... सावधगिरी म्हणून लिहिलं होतं. डॉक्टर सहाच आठवडे म्हणाले होते."

 माझ्या लक्षात आलं की ती बोटांवर आठवडे मोजत होती.

मी तिथल्या तिथे दुसरी चिठ्ठी लिहिली. 'रुग्ण पूर्ण बरी असून सर्व प्रकारचे काम करण्यास योग्य आहे.' शिक्का मारला. आमच्यातल्या एका पोरीने चिठ्ठीचा फोटो काढून अंकुशच्या मोबाइलवर पाठवला, कारण तो पश्चिमेकडच्या कुठल्याशा कारखान्यावर होता. थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. रेखाने आवाज मोठा करून लावला.

"फोटू बगितला," अंकुश म्हणाला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "बरी झाली, ब्येस झालं. पन आता यिऊन काय करती? मुकादमानं जोड्या लावून टाकल्यात. पूजाला काम जमायलंय आता. तू पोरांकडं बघ. आन् दवाखान्याच्या बाईंला सांग, लई उपकार झाले."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, तूच निघून जा गाडीने, मी बसवून देते. ती म्हणाली, "दोन लेकरं घिऊन? कोपी एक हाय बाई. तिगं कुटं निजायचे?" ते तिने अगदी साध्या आवाजात विचारलं. विचारल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. ती पटकन उठली, लेकरू उचललं आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाली. उजव्या कडेवर घेतलं होतं लेकरू, मी शिकवलं होतं तसं.

मी काय करू शकले असते, याचा विचार त्या हिवाळ्यात मी पुष्कळ केला. मुकादमाचा नंबर मिळवून फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, तुमच्या दवाखान्याच्या दोन चिठ्ठ्या हायेत माझ्याकडं, खरी कंची धरू?  पूजाचा स्वतःचा मोबाइल नव्हता. नर्सिंगच्या फॉर्मची तारीख आली आणि गेली. मार्कलिस्टची झेरॉक्स माझ्या टेबलाच्या खणात होती, ती निवृत्त होताना मी फायलीत घालून घरी आणली. फेकवत नाही.

गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतायला लागल्या. आमच्याकडे त्या दिवसांत गर्दी उसळते, सहा महिन्यांची दुखणी एकदम येतात. एके दिवशी गरोदर मातांच्या नोंदणीला बसणारी सिस्टर रजेवर होती, म्हणून मी बसले होते. रांगेत रेखा दिसली. मला वाटलं, शेवटच्या तपासणीला आलीय. तिच्यामागे पूजा होती. ती उन्हाने रापून काळी पडली होती, हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे, आणि गळ्यात काळी पोत.

"मला काय न्हाई झालं, बाई. गाठ पार गेली," रेखा म्हणाली. "हिचं नाव घाला."

मी कार्ड घेतलं. नाव लिहिलं, वय लिहिलं, चार महिने लिहिले. मग पुढचा रकाना आला आणि माझा पेन थांबला. पूजा खाली बघत होती.

"पतीचं नाव?"

"अंकुशच लिवा," रेखा म्हणाली.

मी रेखाला बाहेर बसवलं आणि पूजाला आत घेतलं. पहिल्या दिवशी तिच्या बहिणीला विचारलं तसंच विचारलं. तुझ्या मनाने झालं का हे?

 ती म्हणाली, "कोपी एकच व्हती, बाई."

मी म्हटलं, तक्रार करायची असेल तर मी येते तुझ्याबरोबर, आत्ता, याच कपड्यांत.

"कुणाची? दाजीची?" तिने पहिल्यांदा वर बघितलं. "त्येला आत घातलं तर आक्काच्या लेकरांनी काय करायचं? आन् हेच्यानं?" तिने पोटाकडे बोट केलं नाही, नुसती नजर खाली नेली. मी पुन्हा एकदा विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली.

सोबतच्या सिस्टर म्हणतात, तुमचा काय दोष, त्या माणसाने कसंही तेच केलं असतं. असेलही. पण माझी चिठ्ठी नसती तर पूजा त्या टोळीत गेली नसती, एवढं मला कळतं. माणसं निम्मं ऐकतात, या भरवशावर मी वर्षानुवर्षं खोटं बोलत आले. ज्या घराने माझा शब्द पुरता पाळला, तेच घर मी मोडलं. ज्या पुढाऱ्यांनी पंधराव्या दिवशी मोटारसायकल काढली, त्यांचं काहीही बिघडलं नाही.

पूजाचं वजन केलं, रक्त घेतलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. रेखाला आत बोलावलं. काय खायला घालायचं, पुन्हा कधी आणायचं, ते मी दोघींना सांगत होते. रेखा नेहमीसारखी लक्ष देऊन ऐकत होती. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या गोळ्यांची पाकिटं तिने मोजून आपल्या पदराच्या गाठीला बांधली.

"आन् जड कवापर्यंत उचलू द्यायचं न्हाई हिला?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"बाई," ती म्हणाली, "खरं असंल तेवढंच सांगा."

मी खरं तेवढंच सांगितलं. तिने ते मनाशी एकदा घोकलं, पूजाच्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि दोघी एसटीकडे गेल्या.